तालीम दाखवा, टंचाई पुरे
नृत्याच्या रिॲलिटी शोच्या निर्मात्यांना खुलं पत्र

मु. पो. पळसदेव, ता. इंदापूर, जि. पुणे

सन्माननीय निर्माते, दिग्दर्शक आणि वाहिन्यांचे कार्यक्रमप्रमुख,


सोनाली मजुमदार आणि मरोजू सुमंत ही नावं तुम्हाला नव्यानं सांगायला नकोत. कोलकात्याच्या बिवाश ॲकॅडमी ऑफ डान्सची ही साल्सा करणारी जोडी. 2012 साली 'इंडियाज गॉट टॅलेंट'चं चौथं पर्व त्यांनी जिंकलं, तेव्हा सोनाली अजून प्राथमिक शाळेच्या वयाची होती. आठ वर्षांनी, 2020 मध्ये, हीच जोडी 'बॅड साल्सा' या नावानं 'अमेरिकाज गॉट टॅलेंट'च्या मंचावर उभी राहिली आणि हिंदी गाण्यांवर साल्सा करत तिथल्या थेट प्रक्षेपणाच्या फेऱ्यांपर्यंत गेली. त्या नाचाच्या क्लिप आमच्या गावातही एका फोनवरून दुसऱ्या फोनवर फिरल्या. चहाच्या टपरीवर लोकांनी त्या दोन-दोनदा पाहिल्या.

त्या नाचाबद्दल माझी काही तक्रार नाही. पाहताना पापणी लवत नव्हती. मला बोलायचं आहे ते नाचाआधी दाखवल्या जाणाऱ्या गोष्टीबद्दल. सोनालीचे वडील शेतकरी, गाव बंगालमधलं, बांगलादेशच्या सीमेजवळचं, घरची परिस्थिती बेताची. हे सगळं खरं आहे आणि ती ते ताठ मानेनं सांगते, तो तिचा हक्क आहे. पण शेतकऱ्याचं घर दाखवलं आणि लगेच झगमगता मंच दाखवला की मधली वर्षं कुठं जातात? ज्या सरांनी शिकवलं, ज्या फरशीवर रोज तासन् तास घाम गाळला, ज्या जोडीदाराचे हात ओळखीचे व्हायला वर्षं लागली, ते सगळं तुमच्या चित्रफितीत पाच-दहा सेकंदांत उरकतं. आईचे डोळे पुसणं मात्र सावकाश, जवळून आणि मागे बासरी लावून.

ही सवय तुमच्याच एका कार्यक्रमाची नाही. हिंदी असो वा मराठी, लहान मुलांचा नाच असो वा जोड्यांचा, सगळीकडे हाच साचा आहे. म्हणून कुणा एकाचं नाव न घेता सगळ्यांना मिळून लिहितो आहे.

आमच्या गावाला कॅमेऱ्यांची सवय आहे, पण ती एकाच ऋतूची. उजनी धरणात जुनं पळसदेव बुडालं, गाव वर सरकलं. पळसनाथाचं प्राचीन मंदिर पाण्याखाली गेलं. भर उन्हाळ्यात उजनी तळाला गेली की मंदिराचं विटांचं शिखर, मग भिंती, मग आजूबाजूचे वीरगळ उघडे पडतात. तेव्हा पुण्या-मुंबईहून गाड्या येतात, ड्रोन उडतात, बातम्या होतात. पाऊस झाला, धरण भरलं की सगळे निघून जातात. टंचाई आली की आम्ही दिसतो आणि सुगी आली की दिसेनासे होतो. तुमच्या मंचावर येणाऱ्या खेड्यातल्या पोरांचंही तेच होतं. त्यांच्या घरातलं पाणी किती खाली गेलं आहे ते तुम्ही आधी मोजता, पावलं नंतर.

याचा परिणाम तुम्हाला स्टुडिओत दिसत नाही, आम्हाला गावात दिसतो. पुणे-सोलापूर महामार्गालगतच्या आमच्या पट्ट्यात शाळेचं गॅदरिंग म्हणजे वर्षाचा सण. पूर्वी पीटीचे सर किंवा एखाद्या हौशी बाई नाच बसवायच्या. आता तालुक्याच्या गावाहून, बारामतीहून 'कोरिओग्राफर सर' येतात, पंधरा दिवसांत पाच नाच बसवतात आणि पुढच्या शाळेला जातात. मुलांना त्यात आनंद मिळतो, तेही काही कमी नाही. पण एखादं पोर जरा बरं नाचलं की घरात लगेच कुजबुज सुरू होते, 'ह्याला टीव्हीवर पाठवू.' मुंबईचं ऑडिशन, फोटो, ड्रेस यांचा हिशेब मांडला जातो. शिकायला कुठं पाठवायचं, हा प्रश्न कुणाच्या डोक्यातच येत नाही. कारण तुमच्या कार्यक्रमात शिकणं कुणी पाहिलेलंच नसतं. अंगात कला आणि घरात गरिबी एवढ्या दोन गोष्टी असल्या की काम होतं, असा समज तुम्हीच पसरवला आहे. हा समज घेऊन माणूस घराबाहेर पडला की त्याला गाठणारेही असतात. ऑडिशनच्या नावाखाली फॉर्मचे, 'पोर्टफोलिओ'चे पैसे मागणारे फोन येतात, मेसेज येतात. ऑडिशनला पैसे लागत नाहीत असं तुमच्या वाहिन्या सांगतात, पण बारीक अक्षरांत आणि घाईघाईत.

आता साल्साबद्दल थोडं बोलतो, कारण माझं म्हणणं त्यातूनच नीट कळेल. हा नाच मूळचा क्युबाच्या मातीतला. न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेल्या क्युबन आणि पोर्तो रिकन लोकांनी 1960 आणि 70 च्या दशकांत त्याला आजचं रूप आणि नाव दिलं. कोलंबियातलं काली शहर आज साल्साची पंढरी मानलं जातं. तिथले लोक 33 फेऱ्यांच्या तबकड्या मुद्दाम 45 च्या वेगानं लावून त्यावर नाचायचे आणि त्यातून तिथली विजेसारखी पावलं तयार झाली, असं सांगतात. म्हणजे हा गल्लीतल्या, लग्नातल्या, कामावरून दमून आलेल्या माणसांचा नाच आहे. आपल्याकडे तो बड्या शहरांतल्या क्लासमधून आला, म्हणून श्रीमंती वाटतो, एवढंच.

साल्साचा हिशेब आठ मात्रांचा, पण पावलं सहाच. एक-दोन-तीन, मग चौथ्याला थांबा. पाच-सहा-सात, मग आठव्याला थांबा. शिकणारं पोर पहिल्यांदा चुकतं ते या थांब्यांवरच, कारण अंगात जोर आला की थांबवत नाही. त्याहून अवघड म्हणजे दुसऱ्याच्या अंगाचं ऐकणं. मुलगा तोंडानं काही सांगत नाही. त्याच्या तळव्याचा दाब किंचित बदलला की मुलीला कळायला हवं, आता गिरकी आहे. गिरकीत ती डोकं शेवटपर्यंत एका जागी रोखून ठेवते आणि मग झटक्यात फिरवते, नाही तर तिसऱ्या-चौथ्या फेरीला भोवळ येते. मुलानं तिचा हात डोक्यावर नेताना मनगट घट्ट धरलं तर तिचा खांदा दुखावतो आणि सैल सोडलं तर ती भलतीकडे जाते. हे सगळं वेगात, हसऱ्या चेहऱ्यानं आणि दोघांनी मिळून करायचं. तुमच्या मंचावर यावर आणखी लिफ्ट येतात. मुलगी खांद्यावर, मानेभोवती, पायांमधून, पुन्हा वर. त्या पोराचे गुडघे आणि कंबर, त्या पोरीचं पोट आणि पाठ हे सगळं वर्षानुवर्षं तयार करावं लागतं. मुलगी वाढत्या वयाची असेल तर दर वर्षी उंची बदलते, वजन बदलतं, तोल बदलतो. कालची लिफ्ट आज पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागते. 2012 च्या मंचावरची ती चिमुरडी 2020 मध्ये तरुण मुलगी म्हणून त्याच जोडीदाराबरोबर तेवढ्याच वेगानं गिरक्या घेते, याचा अर्थ मधली आठ वर्षं दोघांनी तालीम सोडलेली नाही. खरी थक्क करणारी गोष्ट ही आहे आणि तुम्ही तीच कापून टाकता.

'हे दाखवलं तर लोक बघणार नाहीत, टीआरपी जाईल,' असं तुम्ही म्हणाल. तुम्ही आम्हाला ओळखलंच नाही. आमच्या भागातला माणूस कुस्तीच्या आखाड्याभोवती तासन् तास उभा राहून एक डाव पाहतो आणि घरी येऊन त्यावर चर्चा करतो. तो पकड ओळखतो, पट कधी काढला ते सांगतो. बैलगाडा शर्यतीत कुठल्या बैलाला कुणी कसं सांभाळलं हे त्याला ठाऊक असतं. तालीम पाहण्याची हौस आम्हाला पिढ्यान् पिढ्यांची आहे. गिरकीच्या आधी हाताचा दाब कसा बदलतो हे परीक्षकांनी एकदा मंचावर उतरून दाखवलं तर पुढच्या आठवड्यात आमच्या बायाबापड्याही कोण चुकलं ते सांगू लागतील.

कलावंताच्या दुःखावर गुजराण करण्यात आम्हीही मागे नाही, हे कबूल. आमच्याच जिल्ह्यातल्या नारायणगावच्या विठाबाईंचं उदाहरण घ्या. तमाशासम्राज्ञी म्हणून त्यांचा लौकिक, राष्ट्रपती पुरस्कार मिळालेली बाई. राज्य सरकारचा जीवनगौरव पुरस्कार आज त्यांच्या नावानं दिला जातो. पण चार माणसांत त्यांचं नाव काढा, पहिली गोष्ट निघते ती फड चालू असताना कनातीमागं झालेल्या बाळंतपणाची. बाळाला जन्म देऊन त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, हे ऐकताना सगळे हळहळतात. त्यांचा आवाज कसा लागायचा, त्यांची अदा काय होती, फड चालवताना त्यांनी काय सोसलं आणि काय शिकवलं, हे सांगणारा क्वचित भेटतो. त्या 2002 साली गेल्या. शेवटची वर्षं हलाखीत गेली, याचंही आम्हाला वाईट वाटलं. दुःख लक्षात ठेवायचं आणि कला विसरायची ही चूक एकदा झाली आहे. ती रोज रात्री नऊ वाजता, जाहिरातींसह, पुन्हा करायची काय गरज?

तमाशाच्या फडातली एक गोष्ट मात्र तुमच्यापेक्षा बरी होती. चैत्राच्या जत्रांच्या आधी नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पुढारी येतात, सुपारी ठरते, आकडा बोलला जातो, तारीख लिहिली जाते. उचल किती घेतली आणि मोसम किती महिन्यांचा, हे फडातल्या माणसाला माहीत असतं. त्यात शोषण नव्हतं असं मी म्हणत नाही, भरपूर होतं. पण व्यवहार चारचौघांत होता. तुमच्या कराराचं काय? इंग्रजीतली कितीतरी पानं, मुंबईत पोचल्यावर हातात, 'इथं सही करा' म्हणून. त्या पोराला पुढं किती काळ दुसरीकडे नाचता येणार नाही, त्याच्या क्लिपवर मिळणारे पैसे कुणाचे, हे पळसदेवच्या बापाला कसं कळावं?

कायद्यात काय आहे ते मी वाचलं आहे. तुम्ही तर ते वाचलेलं असणारच. बालमजुरीविरोधी कायद्यात 2016 मध्ये दुरुस्ती झाली आणि 2017 मध्ये त्याचे नियम आले. चौदा वर्षांखालच्या मुलाला कार्यक्रमात घ्यायचं तर चित्रीकरण होतं त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला 5 तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग 3 तासांपेक्षा जास्त नाही. सलग 27 दिवसांपेक्षा जास्त काळ त्याला कामाला लावता येत नाही. शाळा बुडू नये याची व्यवस्था निर्मात्यानं करायची. दर पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस नेमायचा. मुलाच्या कमाईतले किमान 20 टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावानं मुदत ठेवीत टाकायचे. नियम चांगले आहेत. पण ते पाळले जातात का, हे प्रेक्षकाला कळायची सोय नाही. तास रात्री वाढला तर कोण बघतं? ठेवीची पावती आईबापाच्या हातात कधी पडते?

याच कायद्यात एक ओळ आहे, तिच्यावर तुम्ही जरूर थांबा. मुलांना कलाकार म्हणून काम करायची मुभा देताना कायद्यानं सर्कस वगळली आहे. सर्कशीत लहान मूल नको, कारण जिवाला धोका. मग नऊ वर्षांच्या मुलीला पंधरा फुटांवर फेकून झेललं आणि खाली लिहिलं 'नृत्य', तर धोका कमी होतो का? मुंबई परिसरातल्या 'व्ही. अनबीटेबल' या गटानं 2020 मध्ये 'अमेरिकाज गॉट टॅलेंट: द चॅम्पियन्स' जिंकलं, तेव्हा आपण सगळ्यांनी छाती फुगवली. त्यांच्या नावातला 'व्ही' हा विकास या त्यांच्या सहकाऱ्याचा आहे. सरावात पडून तो जायबंदी झाला आणि पुढं त्याचा मृत्यू झाला. ही गोष्ट टीव्हीवर हुंदक्यासाठी सांगितली गेली. ती सुरक्षिततेच्या नियमासाठी सांगायला हवी होती. सराव कुठं होत होता, खाली गादी होती का, झेलणारे किती होते, डॉक्टर किती लांब होता, हे प्रश्न कुणी मंचावर विचारले नाहीत.

सरकारनं तुम्हाला एकदा टोकलंही आहे. 18 जून 2019 रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयानं वाहिन्यांना सूचना पाठवली होती. नृत्याच्या रिॲलिटी शोमध्ये लहान मुलांकडून मोठ्यांच्या सिनेमातले सूचक हावभाव करून घेऊ नका, असं तीत म्हटलं होतं. साल्सासारख्या जोडीच्या नाचात याला विशेष महत्त्व आहे. सहा-सात वर्षांच्या पोरांना प्रेमिकांसारखं बघायला लावलं की प्रेक्षक हसतात आणि परीक्षक 'सो क्यूट' म्हणतात. त्या पोरांना साल्सा शिकवायचा तर ताल शिकवा, तोल शिकवा, एकमेकांवर विश्वास ठेवायला शिकवा. बाकीचं वय शिकवेल.

तुमच्या कार्यक्रमांनी काही दिलं नाही असं म्हणणं कृतघ्नपणाचं होईल. 'बूगी वूगी'च्या मंचावर जिंकलेल्या फुलवा खामकर पुढं 'नटरंग'सारख्या सिनेमाच्या नृत्यदिग्दर्शिका झाल्या. वसई-नालासोपाऱ्याच्या भागातून उभ्या राहिलेल्या 'किंग्ज युनायटेड'नं 2019 मध्ये अमेरिकेत 'वर्ल्ड ऑफ डान्स' जिंकलं. नाचणं म्हणजे वाया जाणं, हे आमच्या घराघरांतलं वाक्य तुमच्यामुळे थोडं मागं पडलं. नाचणाऱ्या मुलाला आता कुणी 'नाच्या' म्हणून चिडवत नाही, निदान तोंडावर तरी नाही. म्हणूनच तर अपेक्षा तुमच्याकडून आहे. ज्याच्याकडून काही मिळालं, त्याच्याशीच माणूस भांडतो.

तर मागण्या मोजक्या आहेत आणि त्यांना फारसा खर्च नाही.

एक, प्रत्येक स्पर्धकाच्या नाचाआधी त्याच्या गुरूचं नाव, गाव आणि क्लास पडद्यावर लिहा. घरची चित्रफीत दाखवायचीच असेल तर तेवढाच वेळ तालमीलाही द्या.

दोन, करार मराठीत आणि ज्याच्या-त्याच्या भाषेत करा, सहीच्या आधी आठ दिवस घरी पाठवा. शाळेतल्या गुरुजींना किंवा ओळखीच्या वकिलाला दाखवायला तेवढे दिवस लागतात.

तीन, लहान मुलांच्या प्रत्येक पर्वाच्या सुरुवातीला कामाचे तास, परवानगी आणि मुदत ठेवीचा नियम मोठ्या अक्षरांत दाखवा, वाचून सांगा. ऑडिशनला एक रुपयाही लागत नाही हेही सूत्रसंचालकाच्या तोंडून प्रत्येक भागात येऊ द्या. तुमच्या विनोदांपेक्षा ते जास्त लोकांच्या उपयोगी पडेल.

चार, लिफ्ट आणि उंचावरची करामत असेल तिथं सरावाला गादी, झेलणारे आणि डॉक्टर यांची सक्ती करा. त्याशिवाय परीक्षकांनी त्या प्रयोगाला गुण देऊ नयेत.

पाच, बाहेर पडलेल्या जोडीला रिकाम्या हातानं पाठवू नका. चषक नको. परीक्षकांनी पाहिलेल्या चुका आणि पुढं काय शिकायचं, हे कागदावर लिहून द्या. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नृत्याचं रीतसर शिक्षण मिळतं, हे आमच्या तालुक्यातल्या कितीतरी मुलांना तुमच्याकडून पहिल्यांदा कळू शकतं. हरलेल्या पोराला दिशा मिळाली तर घरचेही पुढच्या वेळी ऑडिशनच्या आधी शिक्षणाचा विचार करतील.

यातली एकही मागणी अशक्य नाही. पहिली तर उद्याच्या चित्रीकरणात पूर्ण करता येईल. तिला लागतो तो फक्त तीन ओळींचा मजकूर आणि तो लिहायची इच्छा. तुम्ही ती पूर्ण केलीत तर आमच्या गावातलं एखादं घर मुंबईचं तिकीट काढण्याआधी चांगल्या सरांचा पत्ता विचारेल. तो प्रश्न सुरू करून देणं तुमच्या हातात आहे. उत्तर शोधायला आम्ही समर्थ आहोत.

कळावे,

आपला,
पळसदेवचा एक नियमित प्रेक्षक